पावसाची सरासरी आणि ज्याची त्याची चूक

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांच्या जगात एक उदाहरण चाळीस वर्षं फिरतं आहे. येल विद्यापीठातल्या एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात ते रूढ केलं. पावसाचे आकडे एकामागून एक वाचायचे, ९९९९९ हा आकडा आला की थांबायचं आणि तोवर आलेल्या आकड्यांची सरासरी छापायची. त्याच्या एका रूपात बायबलमधला नोहा न्यू हेवन गावातला पाऊस मोजतो आहे, कारण नौका पाण्यात कधी लोटायची ते त्याला ठरवायचं आहे. आपल्याकडे नोहाची गरज पडत नाही. आंबोलीचं नाव घेतलं की वर्ग हसतो आणि कामाला लागतो.

प्रोग्रॅम जेमतेम सात-आठ ओळींचा. पण तिघांनी तो तीन तऱ्हांनी चुकवलेला मी पाहिला आहे. पहिल्याने ९९९९९ हाही मिलिमीटरांतला पाऊसच धरला आणि आंबोलीत एका दिवसात शंभर मीटर पाऊस पाडला. दुसरीने भागाकार लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत ठेवला, त्यामुळे दर आकड्यामागे एक नवी सरासरी छापली जाऊ लागली. तिसऱ्याचा प्रोग्रॅम दिसायला निर्दोष होता. फक्त पहिलाच आकडा ९९९९९ आला, म्हणजे एकही नोंद नसली, की शून्याने भागायला जाऊन तो कोसळायचा. हे तिघं ज्या ऑनलाइन कोर्सवर शिकत होते त्याच्या तपासनीस यंत्राने तिघांनाही एकच शेरा मारला: उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा. वर तोच चौदा मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा पाहायला सांगितलं. कोर्सच्या पहिल्या पानावर ‘खास तुमच्यासाठी’ असं ठळक अक्षरांत होतं.

संगणकशास्त्राचा कोर्स ज्याचा त्याला वेगळा द्यायचा, तर त्यात नेमकं काय वेगळं करायचं? वेग, क्रम, भाषा, सजावट, की चुकीला मिळणारं उत्तर? प्रश्न नवा नाही. त्याच्यावर शंभर वर्षं काम झालं आहे आणि आज कोर्स विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलं असावं, असं त्यांचे कोर्स पाहून वाटतं.

वेगाची मोकळीक

सिडनी प्रेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच प्रश्न विचारणारं आणि बरोबर कळ दाबली तरच पुढे जाणारं यंत्र केलं होतं. बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात ते पुढे नेलं. मुलीच्या शाळेतला गणिताचा तास पाहून ते अस्वस्थ झाले होते: सगळी मुलं एकाच चालीने चालवलेली, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच तिथल्या तिथे कळत नाही. स्किनरच्या यंत्रात प्रत्येकाला आपापल्या वेगाने जाता येई. वाट मात्र सगळ्यांना तीच. पायऱ्या इतक्या लहान की सहसा कोणी चुकणारच नाही. स्किनरच्या लेखी चूक हा आखणीतला दोष होता.

नॉर्मन क्राउडर यांना हे पटलं नाही. अमेरिकी हवाई दलातल्या तंत्रज्ञांना शिकवताना त्यांनी उलटी पद्धत वापरली. प्रश्नाखाली चार पर्याय, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय वेगळ्या पानावर नेणारा. त्या पानावर तुम्ही असं का म्हणाला असाल याचा अंदाज, त्याचं स्पष्टीकरण आणि परत मूळ प्रश्नाकडे. चूक इथे शिकवण्याची जागा झाली. आजच्या बहुतेक ‘वैयक्तिक’ कोर्सेसचं पृथक्करण केलं, तर आत स्किनर सापडतो. क्राउडर क्वचितच, कारण तो महाग पडतो. प्रत्येक प्रश्नामागे तीन चुकांचा विचार कोणीतरी बसून करावा लागतो.

तिसरं नाव फ्रेड केलर यांचं. १९६८ साली त्यांचा ‘गुड-बाय, टीचर’ हा लेख आला. ब्राझिलियातल्या नव्या विद्यापीठासाठी सहकाऱ्यांबरोबर आखलेली त्यांची पद्धत अशी: विषयाचे छोटे घटक पाडायचे, एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, परीक्षा हवी तितक्यांदा देता येईल आणि नापास होण्याचा दंड नाही. व्याख्यानं फक्त उत्साह वाढवण्यापुरती. या पद्धतीचा कणा होते प्रॉक्टर, म्हणजे आधीच तो विषय पार केलेले विद्यार्थी. ते समोर बसून उत्तरपत्रिका तपासत आणि तिथेच बोलत. ऑनलाइन कोर्सवाल्यांनी केलरचे घटक घेतले, पुनःपुन्हा देता येणाऱ्या चाचण्या घेतल्या आणि प्रॉक्टर गाळले. केलरच्या वर्गांतही दिरंगाई हा मोठा रोग होता. वेग ज्याचा त्याच्यावर सोडला की अनेकांचा वेग हळूहळू शून्यावर येतो, हे तेव्हाच कळलं होतं.

आणि तपासनीस यंत्र? विद्यार्थ्यांचे पंचकार्डांवरचे प्रोग्रॅम आपोआप तपासण्याचं काम अमेरिकेतल्या रेन्सेलिअर इन्स्टिट्यूटमध्ये जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी १९६० साली केलं. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांची ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली. ‘उत्तर चूक’ हा शेरा पासष्ट वर्षांचा जुना आहे. त्याला नव्या तंत्रज्ञानाचा मान देण्याचं कारण नाही.

चार आकड्यांचा विद्यार्थी

संगणकशास्त्राच्या शिक्षणात खरी उडी १९८०च्या दशकात पडली, कार्नेगी मेलन विद्यापीठात. जॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी लिस्प ही भाषा शिकवणारा ‘लिस्प ट्यूटर’ केला. प्रोग्रॅम पुरा होईपर्यंत तो थांबत नसे. विद्यार्थी एकेक तुकडा टंकत असताना ‘हा आत्ता कोणता नियम वापरतो आहे’ याचा माग काढत असे, वाट चुकली की तिथेच थोडक्यात बोलत असे. स्टॅनफर्डमध्ये १९७०च्या दशकात बेसिक भाषेसाठी केलेल्या ‘बिप’ने कोणाला पुढचं कोणतं उदाहरण द्यायचं हे कौशल्यांच्या जाळ्यावरून ठरवलं होतं; लिस्प ट्यूटर उदाहरणाच्या आत शिरला.

त्यातून अल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात एक हिशेब मांडला. जगभरच्या अनेक शिकवणी-प्रणालींच्या पोटात तो आजही चालतो. प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे: मुलाला ते आधीपासून येत असण्याची शक्यता, एका सरावात ते येऊ लागण्याची शक्यता, येत नसताना नेम लागण्याची आणि येत असताना हात घसरण्याची. समजा आपण धरलं की लूप थांबवणं मुलीला येत असण्याची शक्यता ४० टक्के, नेम लागण्याची २०, हात घसरण्याची १० आणि एका सरावात शिकण्याची १५. तिने एक उत्तर बरोबर दिलं की ४०चे ७९ होतात. चुकलं तर २२वर येतात. असं करत ९५च्या वर गेलं की कौशल्य ‘पक्कं’ समजायचं आणि पुढे सरकायचं. कागदावर पाच मिनिटांत करता येणारं गणित आहे. हे गणित कळलेला शिक्षक कोर्स विकणाऱ्याला निदान चार प्रश्न तरी विचारू शकतो.

त्याची मर्यादाही इथेच दिसते. येतं की येत नाही एवढंच त्याला कळतं. काय येतं आहे ते कळत नाही. शंभर मीटर पाऊस पाडणारा मुलगा आणि शून्याने भागणारा मुलगा दोघांचेही २२ होतात. म्हणून १९८०च्या दशकात येलमध्ये लुईस जॉन्सन आणि सोलोवे यांनी केलेला ‘प्रूस्ट’ हा प्रयोग मला जास्त ओढ लावतो. तो पास्कलमधला प्रोग्रॅम वाचून ‘हा लिहिणाऱ्याच्या मनात काय असावं’ याचा शोध घेत असे. बेरीज करायचा बेत होता, मोजणी करायचा बेत होता, पण थांबण्याची खूण बेरजेतून वगळायची राहिली, अशा भाषेत तो बोले. एकेका उदाहरणासाठी त्याला संभाव्य बेतांची यादी आधी भरवावी लागे. मोजकी उदाहरणं झाली आणि काम थांबलं. शिकवणी-प्रणालीच्या एका तासाच्या मजकुरासाठी दोनशे ते तीनशे तास खपावं लागतं, हा त्या क्षेत्रात वारंवार दिला जाणारा अंदाज आहे. प्रूस्टच्या वाटेने जाणारा तर आयुष्यात दोनच कोर्स करील.

मग एवढी खटपट करून फायदा किती? इथे बेंजामिन ब्लूम यांचं नाव हटकून येतं. १९८४च्या त्यांच्या लेखात म्हटलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे, म्हणजे सरासरीच्या दोन प्रमाणित विचलनं पुढे जातो. हा आकडा प्रत्येक शैक्षणिक कंपनीच्या सादरीकरणात असतो. तो दोन पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या काही आठवड्यांच्या प्रयोगांवर उभा होता आणि त्या शिकवणीत ‘पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही’ ही अटही मिसळलेली होती, हे त्या सादरीकरणात नसतं. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या दोन प्रमाणित विचलनांऐवजी ०.७९ निघाला. त्याहून महत्त्वाचे पुढचे दोन आकडे. फक्त अंतिम उत्तरावर शेरा देणाऱ्या प्रणालींचा परिणाम ०.३१, आणि पायरीपायरीला बोलणाऱ्यांचा ०.७६, म्हणजे जवळजवळ माणसाइतका. ‘उत्तर चूक’ म्हणणं आणि ‘ही ओळ पाहा’ म्हणणं यांतलं अंतर इतकं आहे.

आवडीच्या वाटा

मध्यंतरी एक सोपी वाट लोकप्रिय झाली. काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. तर आधी प्रश्नावली भरून घ्या आणि ज्याला जसं आवडतं तसं शिकवा. आपल्याकडच्या शिक्षक-प्रशिक्षणांत अजून हे उत्साहाने सांगितलं जातं. हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या मताचा पुरावा शोधला, तर शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं दाखवणारे नीट आखलेले प्रयोग जवळपास नव्हतेच. तरी विक्रेत्यांना ते सोयीचं आहे. तीन रंगांची तीन बटणं केली की कोर्स वैयक्तिक होतो.

याउलट एक फरक खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्याला प्रश्नावली लागत नाही: मुलाला आधी किती येतं. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं फार उपयोगी पडतात; ज्याला विषय येतो त्याला तीच उदाहरणं अडथळा होतात. जॉन स्वेलर, स्लावा कल्युगा यांच्या कामातून हे चांगलं प्रस्थापित झालं आहे. यावरून कोर्सची आखणी सरळ निघते. आधी पूर्ण सोडवलेला प्रोग्रॅम, मग एक ओळ गाळलेला, मग तीन ओळी गाळलेला, शेवटी कोरा कागद. कोणाला ही उतरण किती लांब द्यायची, एवढंच माणसागणिक बदलायचं.

प्रोग्रॅमिंगमधल्या चुकाही स्वैर नसतात. दहा वर्षं गणितात ‘बरोबर’चं चिन्ह पाहिलेल्या मुलाला ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे खोटं वाटतं, आणि गणिताच्या जगात ते खोटंच आहे. लूपचं आणखी मजेशीर. ‘पाऊस आहे तोवर इथेच थांब’ असं आपण म्हणतो तेव्हा पाऊस थांबला त्या क्षणी निघायचं, हे मराठीत गृहीत असतं. इंग्रजीतल्या ‘व्हाइल’चंही तेच आहे, आणि तिथल्या मुलांचीही त्यात फसगत होते हे सोलोवे यांच्या गटाने नोंदवलं होतं. यंत्र मात्र फेरी संपल्यावर एकदाच खिडकीतून बाहेर पाहतं. मधे ऊन पडलं तरी त्याला पत्ता नसतो. नवख्याच्या मनात यंत्राचं जे चित्र असतं त्याबद्दल बेनेडिक्ट द्यू बुले यांनी १९८६ साली लिहिलं, तेव्हापासून या चित्राच्या दुरुस्तीला शिक्षणसंशोधनात मध्यवर्ती जागा आहे. फिलिप गुओ यांनी २०१०च्या सुमारास केलेलं ‘पायथन ट्यूटर’ हे मोफत साधन नेमकं तेच करतं: ओळ पुढे सरकते तसतशी स्मृतीतली घरं कशी बदलतात ते चित्राने दाखवतं. माझ्या मते कोणत्याही व्हिडिओपेक्षा पहिल्या महिन्यात याचा उपयोग अधिक.

दुसरं एक साधन न्यूझीलंडमधून आलं. ओटागो पॉलिटेक्निकच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून दिल्या आणि मुलांना त्या क्रमाने लावायला सांगितल्या. काही ओळी फसव्या. बार्बरा एरिक्सन यांनी पुढे त्याला परिस्थितीप्रमाणे बदलतं रूप दिलं. मूल अडकलं की एखादी फसवी ओळ निघून जाते किंवा दोन ओळी आपोआप जोडल्या जातात. पटकन सुटलं की पुढचं कोडं अवघड येतं. कोरा प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा यात वेळ कमी जातो आणि शिकणं साधारण तितकंच होतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मला याचं अप्रूप वेगळ्या कारणासाठी आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुलांकडे लॅपटॉप नसतो, मोबाइल असतो. मोबाइलवर महिरपी कंस आणि अर्धविराम टंकणं ही शिक्षा आहे. ओळी बोटाने सरकवणं हा खेळ. कोर्स वैयक्तिक करताना हातातलं उपकरण कोणतं हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा. तो सहसा येतच नाही.

एक लाख साठ हजारांचा वर्ग

२०११च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सर्वांना खुला केला आणि सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स उभे राहिले, थ्रन यांची युडॅसिटी आली. सुरुवातीचे बहुतेक गाजलेले कोर्स संगणकाचे होते, हा योगायोग नव्हे. प्रोग्रॅम यंत्राने तपासता येतो, निबंध तपासता येत नव्हता. पुढे काय झालं ते जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते यांनी २०१९ साली मांडलं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. २०१३ साली सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर केलेला प्रयोगही उत्तीर्णांचं प्रमाण घसरल्यामुळे थांबवावा लागला होता.

गळती थांबवायला मानसशास्त्राची छोटी औषधं देऊन पाहिली गेली: कोर्स कधी, कुठे बसून करणार ते सुरुवातीलाच लिहून काढा, वगैरे. रेने किझिलचेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीचशे कोर्सेस आणि अडीच लाखांवर विद्यार्थ्यांवर अडीच वर्षं हा प्रयोग केला, २०२० साली निष्कर्ष आले. आधीच्या छोट्या प्रयोगांत दिसलेला परिणाम मोठ्या आवाक्यात विरून गेला. नियोजनाच्या टिपणाने पहिल्या एकदोन आठवड्यांपुरता हात दिला. कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे आकडेवारीवरून आधी ओळखण्याचा प्रयत्नही फारसा साधला नाही. माझ्या वाचनातला हा सगळ्यात प्रामाणिक शोधनिबंध, कारण यात लेखकांनी स्वतःच्याच आशेवर पाणी ओतलं आहे.

दोन कोर्स मात्र वेगळे निघाले. जॉर्जिया टेकची संगणकशास्त्रातली ऑनलाइन पदव्युत्तर पदवी जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. सुमारे ७,००० डॉलरमध्ये पूर्ण पदवी, ठरलेल्या तारखा, खरे सहायक शिक्षक. तिथे अशोक गोयल यांनी २०१६ साली ‘जिल वॉटसन’ नावाचा उत्तरं देणारा सहायक प्रोग्रॅम आणला, तोही माणसांच्या जोडीला. दुसरा स्टॅनफर्डचा ‘कोड इन प्लेस’. २०२०च्या टाळेबंदीत क्रिस पीच आणि मेहरान सहामी यांनी पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स दहा हजार लोकांना दिला आणि त्यासाठी नऊशेच्या आसपास स्वयंसेवक शिक्षक गोळा केले. दहा-बारा जणांचा एक गट, आठवड्यातून एक तास, समोर एक माणूस. केलरचे प्रॉक्टर पन्नास वर्षांनी परत आले. या कोर्सच्या परीक्षेवर २०२१ साली यंत्राने अभिप्राय दिले, तेव्हा ९७.९ टक्के अभिप्रायांशी विद्यार्थी सहमत झाले. माणसांनी दिलेल्या अभिप्रायांशी ९६.७ टक्के. हा आकडा पुष्कळांनी उचलला. मला त्यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं: अभिप्राय ‘बरोबर-चूक’ असा नव्हता, कुठे काय गैरसमज झाला आहे असा होता.

भारतात या बाबतीतला सगळ्यात भक्कम पुरावा संगणकशास्त्रातला नाही, पण टाळता येणार नाही. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा माध्यमिक शाळेच्या वयाच्या मुलांवर प्रयोग झाला; कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा तो लेख २०१९ साली आला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीतली साडेचार. पुस्तक इयत्तेचं, मूल तिसरीत. सॉफ्टवेअरने मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली आणि साडेचार महिन्यांत गणितात ०.३७, हिंदीत ०.२३ प्रमाणित विचलनांचा फरक पडला. नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ मात्र छोट्या गटात माणसासमोर जाई. दोहोंपैकी कशाने किती झालं हे त्या प्रयोगातून सुटं करता येत नाही.

आयआयटी मुंबईतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या गटाने शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवून ऑनलाइन कोर्सची रचना मांडली. व्हिडिओ मधेच थांबतो आणि विचार करायला लावतो, लगेच स्वतः करून पाहायचं, चर्चेला नेमका विषय, आणि पुढचं वाचन ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे फांद्या फुटलेलं. आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी दुसऱ्या बाजूने येते. बारावी झालेल्या कोणालाही चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता मिळवता येते. पुढे प्रमाणपत्रावर थांबा, पदविकेवर थांबा किंवा पदवीपर्यंत जा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. वेग आणि मुक्काम मोकळा, उंची सगळ्यांना तीच. हे मला पटतं. कच्च्या मुलाला सोपं ध्येय देऊन त्याला ‘वैयक्तिक’ म्हणणं ही फसवणूक आहे, आणि काही कोर्स ती गोड शब्दांत करतात.

आवाज मराठी, पडदा इंग्रजी

फिलिप गुओ यांनी २०१८ साली ८६ देशांतल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या ८४० प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना त्यांच्या अडचणी विचारल्या. शिकवण्याचा मजकूर वाचणं, प्रश्न विचारणं, प्रोग्रॅम वाचणं आणि इंग्रजी व प्रोग्रॅमिंग एकाच वेळी शिकणं, असं ओझं सगळीकडून आलं. मराठी माध्यमातून बारावी करून अभियांत्रिकीला आलेल्या कोणालाही याचं नवल वाटणार नाही. आमच्याकडे याला ‘पहिल्या सत्राचा ताप’ म्हणतात.

आयआयटी मुंबईतल्या कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर साधा तोडगा काढला. दहा मिनिटांच्या आसपासचा धडा, पडद्यावरचं सॉफ्टवेअर आणि प्रोग्रॅम इंग्रजीच, आवाज मात्र मराठी, तमिळ, बंगाली. मुलाने शेजारी खिडकी उघडून तेच करत जायचं. हे गणित बरोबर आहे, कारण पुढे नोकरीत एररचा संदेश इंग्रजीतच येणार. तो वाचायला शिकवणं हाच अभ्यासक्रमाचा भाग हवा. स्वतः पायथननेही २०२१च्या आवृत्तीपासून एररचे संदेश पुष्कळ सुधारले. कंस कुठे उघडा राहिला ते आता ते सांगतं. एका अर्थाने हे जगातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं वैयक्तिक मार्गदर्शन.

महाराष्ट्रात याआधीचा मोठा अनुभव एमएस-सीआयटीचा. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने गावोगावच्या केंद्रांतून तो कोर्स नेला. तो संगणकशास्त्राचा नव्हे, संगणक-साक्षरतेचा. पण त्यातली एक गोष्ट कोर्स आखणाऱ्यांनी बघावी: पडद्यावरचा धडा ज्याचा त्याचा, आणि खोलीत फिरणारा मार्गदर्शक सगळ्यांचा. सरकारी नोकरीच्या अटीमुळे लोक आले हे खरं. तालुक्याच्या गावी चाळिशीतल्या बाईंना माऊस धरायला शिकवणारी बावीस वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. ती बोट हातात धरून दुहेरी क्लिक करवत होती. हा भाग कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत आलेला नाही.

बदकाला विचारा

२०२२च्या आरंभी न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ‘कोडेक्स’ या भाषा-प्रतिमानाला पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेला बसवलं. ७१ विद्यार्थ्यांत त्याचा नंबर सतरावा आला. पावसाच्या उदाहरणाची वेगवेगळी रूपंही त्याला दिली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि सतरावा नंबर इतिहासजमा झाला.

प्रूस्टला जे जमवायला वर्षं लागली, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम वाचून लिहिणाऱ्याचा बेत ओळखणं, ते आता काही सेकंदांत होतं. क्राउडरची महागडी पानं स्वस्त झाली. पण एक जुना प्रश्न त्याने सुटला नाही: ओळखलेली चूक किती सांगायची? तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणितात झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगलं केलं, आणि चॅटबॉट काढून घेतलेल्या परीक्षेत, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के वाईट. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी बरोबर उत्तरं आणि नेहमीच्या चुका आधी सांगून ठेवल्या होत्या, आणि उत्तर न देता इशारा देण्याची ताकीद दिली होती. त्या गटाने सरावात १२७ टक्के अधिक केलं आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ दिसलं नाही. मात्र परीक्षेत तेही इतरांच्या पुढे गेले नाहीत. आकड्यांपेक्षा तपशील पाहावा. ज्याने फरक पडला त्यात शिक्षकांच्या डोक्यातली चुकांची यादीही होती.

हार्वर्डच्या सीएस५०मध्ये डेव्हिड मॅलन यांच्या चमूने २०२३ साली बदकाचं रूप दिलेला सहायक आणला. टेबलावरच्या रबरी बदकाला आपला प्रोग्रॅम मोठ्याने समजावून सांगावा म्हणजे चूक आपल्यालाच सापडते, ही प्रोग्रॅमरांची जुनी सवय. हे बदक उलट बोलतं, पण प्रोग्रॅम लिहून देत नाही. अर्थात शेजारच्या टॅबमध्ये लिहून देणारं दुसरं काहीतरी उघडं असतंच. म्हणून गुण घरच्या स्वाध्यायाला न देता समोर बसून प्रोग्रॅम वाचून दाखवण्याला द्यावेत, असं माझं मत होत चाललं आहे. पंधरा जणांचा गट असेल तर ते जमतं. पंधराशेचा असेल तर सहायकांचा पगार कोण देणार, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा उरत नाही.

विद्यार्थ्याच्या प्रत्येक कळीची नोंद ठेवणाऱ्या कोर्सने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि वर्तनावर पाळत ठेवायला मनाई ही मूळ तरतूद आहे. सवलती सरकार देईल तेवढ्याच. अकरावीतली मुलं सोळाची असतात.

मी गेल्या पावसाळ्यात प्रोग्रॅमिंगचा सहा आठवड्यांचा छोटा कोर्स ऑनलाइन घेतला, चाळीस मुलांचा. पहिल्या आठवड्यात पावसाचीच सरासरी. चुकांची यादी आधी करून ठेवली होती, अकरा प्रकार निघाले, प्रत्येकाला वेगळा इशारा. शुक्रवारी संध्याकाळी तक्ता उघडला तर सगळं छान दिसत होतं: कोण कुठे अडकलं, कोणत्या इशाऱ्याने सुटलं. एक नाव मात्र कोऱ्या रांगेत. तिने काहीच पाठवलं नव्हतं, त्यामुळे चूक नव्हती, चूक नव्हती म्हणून इशारा नव्हता, आणि गटाची सरासरी काढणाऱ्या माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमने तिची रांग सरळ वगळली होती.

फोन केला. तिच्या आईने उचलला. मोबाइल घरात एकच, तो वडिलांबरोबर शेतावर आणि बाजारात जातो, रात्री नऊनंतर धाकट्या भावाला मिळतो, मग तिला. स्वाध्यायाची मुदत रात्री आठची होती, ती मीच ठेवलेली. मुदत बदलली.

तिचा प्रोग्रॅम त्या रात्री पावणेअकराला आला. त्यात आंबोलीला शंभर मीटर पाऊस पडला होता.